गावाला हसवणारा झडतीवाला गेला: त्याच्या झडत्या, किस्से अन् आवाज जपायचा कसा?

पऱ्हाटी (धागाकर्ता)

राम राम मंडळी. दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं आमचं गाव. पोळ्यात झडत्या (तोरणाखाली बैलं उभी असताना म्हणायच्या गमतीच्या, यमकाच्या ओळी) म्हणणारा आमचा दोस्त गेला. जाण्याचं वय नव्हतं. घरच्यांना अजून विचारलेलं नाही, म्हणून नाव इथं देत नाही.

तो तोरणाखाली उभा राहिला की पोळा सुरू झाला असं गाव समजायचं. पाटील, दलाल, पीकविम्याचा सायेब, स्वतःची सासू, त्यानं कोणाची गय केली नाही. अन् ज्याच्यावर झडती म्हटली तोच सगळ्यात जोरात हसायचा. शंकरपटात (बैलांच्या शर्यतीत) माईक त्याच्याच हाती. हळदीच्या रात्री मांडवात, पारावर, व्हॉट्सॲपवर, जिथं तो तिथं हसणं. वही मात्र त्यानं कधी ठेवली नाही, सारं तोंडी. आता पोरं म्हणतात, भाऊच्या झडत्या कुठं गेल्या?

काय जपता येईल, कशात जपायचं, अन् घाई कशाची करायची, हे जाणकारांनी सांगावं. पुढच्या पोळ्याला काही करायचं मनात आहे. छोटं पुस्तकही काढायचं आहे.

---

मोर्णाकाठ

भाऊ, फार वाईट झालं. झडत्या लोकांच्या डोक्यात वर्षभर तरी राहतील. घाई आहे ती फोनची.

त्याचा फोन कोणी 'साफ करून' पोराला वापरायला देऊ नये, हे आजच घरी सांगा. फॅक्टरी रीसेट झाला की आतलं सगळं गेलं. लॉकचा पॅटर्न कोणाला माहीत नसेल तर अंदाजानं मारत बसू नका. चुका वाढल्या की फोन थांबायला लावतो, अन् काही फोन शेवटी पुसूनही टाकतात. फोन बंद करून पेटीत ठेवायचा असेल तर बॅटरी निम्मी भरलेली असू द्या अन् दोन-तीन महिन्यांनी पुन्हा निम्म्यावर आणा. शून्यावर पडून राहिलेली बॅटरी फुगते अन् स्क्रीन उचकटते.

सिम जिवंत ठेवा. ९० दिवस काहीच वापर नसला तर कंपनी नंबर बंद करू शकते, अन् काही काळानं तोच नंबर दुसऱ्याला जातो. रिचार्ज करून अधूनमधून एखादा फोन लावला तरी भागतं. मृत्यूचा दाखला अन् वारसाचं ओळखपत्र घेऊन कंपनीच्या दुकानात सिम वारसाच्या नावावर करून घेणं सगळ्यात चांगलं. दाखल्यासाठी मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत करायची असते. त्या मुदतीत विलंब शुल्क लागत नाही. सिम हाती आहे म्हणून त्याच्या बँकेचे किंवा यूपीआयचे व्यवहार मात्र कोणी करू नयेत. ते काम वारसदार म्हणून बँकेतच जाऊन करायचं.

व्हॉट्सॲपचं खातं १२० दिवस इंटरनेटला जोडलं गेलं नाही की कंपनी ते काढून टाकते. फोनमधल्या फाइली त्यामुळे जात नाहीत, पण ॲप काढून पुन्हा टाकलं तर जुनं काही दिसत नाही. म्हणून ॲपला हात न लावता आधी फाइली बाहेर काढा. अँड्रॉइड फोनच्या अंतर्गत साठ्यात 'अँड्रॉइड', मग 'मीडिया', त्यात 'कॉम.व्हॉट्सॲप', त्यात 'व्हॉट्सॲप', त्यात पुन्हा 'मीडिया', अन् तिथं 'व्हॉट्सॲप व्हॉइस नोट्स'. आत आठवड्यागणिक फोल्डर असतात. फाइलचं नाव 'पीटीटी'नं सुरू होतं, त्यापुढचे आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. हे नाव बदलू नका. कॉपी करताना फाइलची तारीख बदलू शकते, नावातली बदलत नाही. आठवड्याचा अख्खा फोल्डर जसाच्या तसा उचला.

त्यानं पाठवलेल्या व्हॉइस नोट तुमच्याही फोनमध्ये आहेत, गावच्या ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या आहेत. ज्यानं तेव्हा नोट डाउनलोडच केली नाही त्याच्याकडे आता ती येणार नाही, कारण सर्व्हरवर ती फार दिवस ठेवत नाहीत. म्हणून एकाच्या फोनवर भरवसा नको. पाच-सहा जणांचे फोल्डर घ्या, दुबार असतील त्या नंतर गाळता येतात. ग्रुपवर 'गायब होणारे मेसेज' सुरू आहे का तेही पाहा, असेल तर आजच बंद करा. लिखित मेसेजसाठी चॅट उघडून 'एक्स्पोर्ट चॅट'. मीडियासकट घेतलं तर अलीकडचे १०,००० मेसेज येतात, मीडियाशिवाय ४०,०००. दोन्ही प्रकारे काढून ठेवा.

---

पऱ्हाटी

लय उपयोगी, भाऊ. पॅटर्न वहिनीला माहीत आहे. व्हॉइस नोटा शेकड्यानं आहेत. एवढ्या ठेवायच्या कुठं? पेनड्राइव्ह चालेल?

---

मोर्णाकाठ

जागा लागतच नाही. व्हॉइस नोट मिनिटाला शंभर-दीडशे केबी धरा, म्हणजे एक-एक मिनिटाच्या हजार नोटा दीडशे एमबीत बसल्या. पेनड्राइव्ह चालेल, पण एकटा नको. तीन प्रती करा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर (एक हार्डडिस्क, एक क्लाउड), अन् त्यातली एक दुसऱ्या गावी राहू द्या. पेनड्राइव्ह वर्षानुवर्षे न लावता पडला तर आतलं खराब होऊ शकतं. वर्षातून एकदा लावून दोन-चार फाइली वाजवून पाहायच्या.

मूळ फाइल 'ओपस' प्रकारची असते. तीच खरी, ती सांभाळा. म्हाताऱ्या माणसांच्या साध्या फोनसाठी किंवा ट्रॅक्टरच्या टेपसाठी एमपी३ प्रत वेगळी काढा. एमपी३ करून मूळ उडवायची नाही, प्रत्येक रूपांतरात आवाज थोडा घासतो. प्रतींना रोमन अक्षरं अन् आकड्यांत नावं द्या. गाडीतले जुने प्लेअर देवनागरी नावाच्या जागी चौकोन दाखवतात, मग कोणती झडती कोणती ते कळत नाही.

---

वैनगंगा

इकडे भंडारा-गडचिरोलीत दंडार (नाच-गाण्याचं लोकनाट्य) अन् झाडीपट्टीच्या नाटकातले विनोदी गडी गेले की हाच प्रश्न पडतो. फोनच्या आधीचा काळ विसरू नका. तो माणूस तरुण असताना गावात कॅमेरा कोणाकडे होता? लग्नाच्या शूटिंगवाल्याकडे.

गावात त्या काळात झालेल्या लग्नांची यादी करा, ज्या ज्या हळदीला तो होता ती. घरोघरी कॅसेट अन् सीडी मिळतील. एडिट केलेल्या सीडीत बोलण्यावर गाणं चढवलेलं असतं, त्यात तो हात हलवताना दिसेल, ऐकू काही येणार नाही. म्हणून शूटिंगवाल्याला कच्चं फुटेज मागा. बहुतेक जण जागा करायला जुनं पुसतात, तरी विचारा. एखाद्याच्या हार्डडिस्कवर किंवा मिनी डीव्ही कॅसेटवर राहिलेलं असतं. त्यात जेवणाच्या पंगतीतलं, वरात थांबलेली असतानाचं बोलणं तसंच्या तसं असतं. तुम्हाला हवं आहे ते नेमकं हेच.

व्हीएचएस कॅसेट मिळाली तर आधी तिच्या खिडकीतून फितीच्या कडेला पाहा. पांढरट पूड दिसली तर ती बुरशी. पावसाळ्यात माळ्यावर राहिलेल्या बहुतेक कॅसेटींना ती असते. ती कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका. बुरशी हेडवर बसते, फीत चिकटून तुटते, अन् त्याच यंत्रात घातलेली पुढची चांगली कॅसेटही बिघडते. कोरड्या जागी उभी ठेवा अन् साफ करून डिजिटल करून देणाऱ्याकडे द्या. बुरशी नसलेली पण बरीच वर्षं न चाललेली कॅसेट एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवून मग वाजवा, म्हणजे फितीचा ताण सारखा होतो. अन् पहिल्यांदा वाजवतानाच रेकॉर्ड करा. 'आधी नुसतं पाहू' म्हणून दुसरी संधी मिळेल असं धरू नका.

विनोदी कामाला मोठा मान मिळत नाही असं लोक समजतात. २०२३ साली झाडीपट्टीचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तीही लोकांना हसवण्याच्या कामानं ओळखल्या गेलेल्या माणसाला. तुमच्या दोस्ताचं कामही जपण्याजोगं आहे, त्यात संकोच नको.

---

वाचनालयवाली_ताई

पऱ्हाटी दादा, तोंडी गोळा करण्याबद्दल लिहिते. या कामात सगळ्यात जास्त वाया जातं ते चुकीच्या प्रश्नानं. "भाऊ कसा होता हो?" असं विचारलं की समोरचा म्हणतो, "लय चांगला मानूस होता", अन् डोळे पुसतो. रेकॉर्डिंगमध्ये एकही किस्सा येत नाही. प्रश्न जागेचा अन् प्रसंगाचा विचारा. "जिनिंगवर गाड्यांची रांग लागली होती तेव्हा तो काय म्हणाला?" "पाटलाच्या बैलानं तोरणच खाल्लं त्या वर्षी झडती कोणती झाली?" मग बोलणं आपोआप सुरू होतं.

माणूस एकटा बसवू नका, तिघं-चौघं बसवा. एकाला पहिली ओळ आठवते, दुसऱ्याला शेवटची, तिसरा दोघांनाही चूक ठरवतो. झडती अशीच पूर्ण होते. बायकांची बैठक वेगळी घ्या. त्यांना आठवणाऱ्या गोष्टी वेगळ्या असतात, अन् पुरुष बसलेले असले की त्या बोलत नाहीत.

वेळ पाहून जा. सोयाबीन सोंगणीत अन् कापूस वेचणीच्या भरात कोणाला फुरसत नसते, अन् संध्याकाळी मजुरीचा हिशेब असतो. वेचणी उरकल्यावर, माघ-फाल्गुनात, जेवणं झाल्यावर बसलं की लोक मोकळे असतात. तोवर थांबवत नसेल तर ऐंशीच्या पुढच्या लोकांकडे मात्र आताच जा.

रेकॉर्डिंगला फोन पुरतो. एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर ऐन झडतीत फोन येतो अन् रेकॉर्डिंग तुटतं. बोलणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर ते दीड वीत अंतर. पंखा बंद, कुकर बंद. टिनाच्या खोलीत आवाज घुमतो, मागे गोधडी टांगली की बसतो. सुरुवातीला तारीख, गाव, बोलणाऱ्याचं नाव तोंडानंच रेकॉर्ड करा. कागद हरवतो, आवाजातलं नाव हरवत नाही.

प्रत्येक तुकड्याची वहीत एक ओळ: क्रमांक, तारीख, सांगणारा, किती मिनिटांचा, पहिले चार शब्द, कोणावर आहे, अन् छापायला हरकत आहे का. शेवटचा रकाना रिकामा सोडू नका. पुढं सगळे वाद त्याच्यावरूनच होतात.

एकच गोष्ट चौघांनी चार प्रकारे सांगितली तर चारही ठेवा. "कापसाचा भाव अन् सासूचा राग, दोनई दुपारनंतर उतरते" अशी ओळ एक जण सांगेल, दुसरा सासूच्या जागी बायको घालेल. दोन्ही त्यानंच म्हटलेल्या असतील, समोर कोण बसलं आहे ते पाहून. सगळ्यांचं मिळून एक 'शुद्ध' रूप तयार केलं तर ते त्याचं राहत नाही, संपादकाचं होतं.

---

पऱ्हाटी

ताई, तारखेचं काय करायचं? "कोनत्या साली म्हटली" विचारलं तर कोणालाच सांगता येत नाही. ही एक झडती बहुतेकांना पाठ आहे:

पांढरं सोनं पिकवलं, घरात नाई चांदी,
बोंडअयीनं बोंड खाल्लं, उरली नुसती फांदी;
बैल म्हने धन्याले, घाबरू नको, मी नंदी,
उद्या वखर तू ओढजो, मी बसतो तुह्या खांदी!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

---

वाचनालयवाली_ताई

काय सुंदर आहे! अन् साल तिच्यातच आहे पाहा. गुलाबी बोंडअळीनं विदर्भातली कपाशी मोठ्या प्रमाणावर गेली ती २०१७ च्या हंगामात, अन् नुकसान दिसलं ते दिवाळीच्या आसपास. त्या वर्षीचा पोळा २१ ऑगस्टला होऊन गेला होता. म्हणजे ही झडती त्याच आपत्तीवर असेल तर तोरणाखाली पहिल्यांदा म्हटली गेली ती लवकरात लवकर २०१८ च्या पोळ्याला, ९ सप्टेंबरला.

बाकीच्या झडत्यांनाही असंच पाहा. नोटाबंदी आली तर २०१७ चा पोळा किंवा नंतरचा, कारण नोटा बंद झाल्या ८ नोव्हेंबर २०१६ ला. लम्पी (जनावरांचा त्वचारोग) आला तर २०२० पासून पुढं. कोरोनामुळे २०२० ला बहुतेक गावांत तोरणाखाली गर्दी झालीच नाही. त्या वर्षीचं काही असेल तर व्हॉट्सॲपवरचं असेल. शंकरपटातलं बोलणं असेल तर ते एक तर मे २०१४ च्या आधीचं, नाहीतर डिसेंबर २०२१ नंतरचं, मधली वर्षं कोर्टाच्या बंदीनं पट बंद होते. साल ठाम कळलं नाही तर "२०१८ किंवा नंतर" असंच लिहा. अंदाजाचा एकच आकडा छापला की तो पुढं खरा समजला जातो.

---

तिफण

लिहून काढण्याबद्दल दोन शब्द. हे काम सोपं वाटते, पण विनोद मरतो तो इथंच.

पहिलं म्हणजे प्रमाण मराठी करू नका. 'बोंडअयी'चं 'बोंडअळी' केलं, 'म्हने'चं 'म्हणे' केलं, 'तुह्या'चं 'तुझ्या' केलं की चाल बिघडते अन् बोलणारा माणूस दिसेनासा होतो. 'मले, तुले', 'काहून', 'करून रायला', 'येजो, जाजो' हे कानाला येते तसंच ठेवा. मात्र एकाच माणसाच्या तोंडी सगळीकडे एकसारखं करायचाही हट्ट नको. असा माणूस पारावर 'डोया' म्हणतो अन् तहसीलदारासमोर 'डोळा', अन् त्या बदलातच अर्धी गंमत असते. तुम्ही वऱ्हाडी करायच्या भरात तहसीलदारासमोरचंही 'डोया' केलं तर ती गेली. पुण्या-मुंबईकडच्या नातवांसाठी मागे एक पानभर शब्दार्थ द्या, ओळीच्या मधात कंस घालू नका.

दुसरं, थांबे. तो कुठं थांबत होता ते कागदावर आलं पाहिजे. छोट्या थांब्याला एक तिरपी रेघ, मोठ्या थांब्याला दोन. वरच्या झडतीत शेवटून दुसरी ओळ एखादा असा म्हणेल: "उद्या वखर तू ओढजो / मी // बसतो तुह्या खांदी". 'मी' नंतरचा थांबा काढा अन् पुन्हा वाचा, हसू येणार नाही. लोकांना वाटते बैल म्हणेल "मी आराम करतो", अन् तो चढतो मालकाच्या खांद्यावर. तुमच्या दोस्ताचा थांबा इथंच होता की दुसरीकडे, हे रेकॉर्डिंग ऐकूनच ठरवा. एक मिनिटाचा तुकडा नीट लिहायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. वेग पाऊणपट करून ऐका, मग मूळ वेगानं तपासा.

तिसरं, ऐकणाऱ्यांचं हसणं. ऑडिओ साफ करताना पोरं पहिलं हसणंच कापतात, 'गोंगाट' म्हणून. गाडगेबाबांचं ८ नोव्हेंबर १९५६ चं, बांद्र्याच्या पोलीस ठाण्यातलं कीर्तन रेकॉर्ड झालेलं आहे. ते प्रश्न टाकतात अन् समोरचे लोक उत्तर देतात, त्यातूनच कीर्तन उभं राहते. लोकांचा आवाज काढला तर कीर्तन अर्धंच उरेल. झडतीचंही तसंच. 'हर बोला' तो म्हणतो, 'हर हर महादेव' गाव म्हणतो.

पंख्याची किंवा वाऱ्याची घरघर कमी करायची असेल तर ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्राममध्ये आधी नुसत्या घरघरीचा अर्धा-एक सेकंद निवडून नमुना द्या, मग ६ ते ९ डेसिबलपेक्षा जास्त कपात करू नका. जास्त केलं की आवाज पाण्यातून आल्यासारखा होतो. अन् हे सगळं प्रतीवर करायचं, मूळ फाइलीवर नाही.

---

खारं_पानी

एक विचारतो. झडत्यांत गावच्या लोकांची टोपणनावं आहेत, काही चावट बी आहेत. छापायच्या का? माझं मत, सगळं छापा, तो असाच होता.

---

वाचनालयवाली_ताई

जपायचं सगळं, छापायचं विचारून. तोरणाखाली म्हटलेलं टोपणनाव त्या दिवसापुरतं असते. तो माणूस समोर असतो, हसतो, उलटून झडती म्हणू शकतो. पुस्तकात ते त्याच्या नातवापर्यंत जातं. जिवंत माणसावरची झडती असेल तर त्याच्या घरी जाऊन वाचून दाखवा अन् होकार वहीत लिहून घ्या. बहुतेक लोक आनंदानं हो म्हणतात, पुस्तकात नाव आलं म्हणून. नाही म्हटलं तर नाव बदलू नका, ती झडतीच बाजूला ठेवा. बदललेल्या नावानं यमक तुटतं अन् गावाला माणूस ओळखू येतोच. जातीवरचं, कोणाच्या व्यंगावरचं काही असेल तर मूळ संग्रहात राहू द्या, बाहेर नको. त्याच्या बायकोनं अन् आईनं पूर्ण मजकूर छापण्याआधी वाचलेला असावा.

हक्काचंही लक्षात घ्या. त्यानं रचलेल्या झडत्यांचा हक्क त्याच्यानंतर वारसांकडे जातो, अन् कॉपीराइट कायद्यानं तो मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. साध्या कागदावर वारसांची लेखी संमती घेतली की पुढं कोणी प्रश्न काढत नाही. गावात पिढीजात चालत आलेल्या झडत्या त्याच्या नावावर छापू नका, वेगळ्या विभागात घ्या. शेजारच्या गावच्या म्हाताऱ्यांना ऐकवल्या की जुनी कोणती अन् त्याची कोणती ते लगेच कळतं.

---

छापखाना_वरुड

पुस्तकाचं मी सांगतो. मधात पिन मारायची असेल तर पानांची संख्या चारच्या पटीत, अन् साठ-चौसष्ट पानांपर्यंतच. त्यापुढं पुस्तक उघडं राहते अन् मधली पानं बाहेर सरकतात. डेमी १/८ आकार हातात बरा बसतो. आत ७० जीएसएम मॅपलिथो कागद, कव्हरला २५० च्या वर आर्ट कार्ड. म्हातारे वाचणार आहेत, अक्षर १४ पॉइंटच्या खाली नको. एका पानावर एकच झडती घ्या, खाली साल अन् सांगणाऱ्याचं नाव.

खरी अडचण फाँटची. तुम्ही फोनवर युनिकोडमध्ये टाइप कराल, अन् छापखान्यात जुन्या फाँटमध्ये बदलताना 'ऱ्ह' फुटतो. 'वऱ्हाड', 'पऱ्हाटी', 'गाऱ्हाणं' यांची पार वाट लागते, कधी 'र्हा' होतो, कधी रफार पुढच्या अक्षरावर जाऊन बसतो. 'तुह्या', 'माह्या'तला 'ह्य' अन् 'अ‍ॅ' हेही तपासा. वऱ्हाडीत असे शब्द प्रत्येक पानावर आहेत, म्हणून बदल करूच नका. युनिकोडमध्येच मांडणी करून फाँट आत बसवलेली पीडीएफ द्या, अन् छापण्याआधी एक कागदी प्रूफ मोठ्यानं वाचून घ्या, झडती पाठ असलेल्या माणसाकडून. नुसत्या डोळ्यांनी वाचणारा चूक सुधारूनच वाचतो, त्याला ती दिसत नाही.

झडतीशेजारी क्यूआर कोड टाकता येतो, स्कॅन केला की त्याचा आवाज लागतो. दोन सेंटिमीटरपेक्षा लहान नको, भोवती पांढरी जागा सोडा, रंगीत फोटोवर छापू नका. कोड 'स्थिर' प्रकारचा घ्या, म्हणजे पत्ता कोडातच असतो. फुकटच्या 'बदलत्या' कोडाची मुदत संपली की सगळी पुस्तकं मुकी होतात. अन् ऑडिओ कोणा एका पोराच्या खासगी ड्राइव्हवर ठेवू नका. त्यानं जागा रिकामी केली की संपलं, अन् दोन वर्षं न उघडलेलं गुगल खातं कंपनी काढूही शकते. घरच्यांची हरकत नसेल ते तुकडे इंटरनेट आर्काइव्ह या जतनासाठीच्या फुकट वेबसाइटवर टाका.

---

खारं_पानी

आजकाल त्याच्या आवाजात नव्या झडत्या बनवता येतात म्हणे, कॉम्प्युटरवर. पोळ्याले वाजवल्या तर?

---

तिफण

नको, भाऊ. त्यानं जे म्हटलं नाही ते त्याच्या आवाजात वाजवणं म्हणजे त्याच्या तोंडी शब्द कोंबणं. वर्षा-दोन वर्षांत खरी कोणती अन् बनवलेली कोणती हे गावाला सांगता येणार नाही, अन् मग तुम्ही जमवलेल्या सगळ्याच रेकॉर्डिंगवर संशय येईल. नव्या झडत्या नव्या पोरांनी स्वतःच्या आवाजात म्हणाव्या.

---

पऱ्हाटी

हे पटलं. आता कार्यक्रम. काही जण म्हणतात तेरवीलाच (तेराव्यालाच) घ्या, सगळे पाहुणे असतात.

---

वैनगंगा

तेरवीला हसण्याचा कार्यक्रम घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्या दिवशी आई अन् बायको कोणत्या अवस्थेत असतात ते मंडपातल्या लोकांना कळत नाही. शिवाय जेवणाच्या पंगती, आहेर, पाहुण्यांच्या गाड्या यात कोणी ऐकत नाही. तेरवीला गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना, खंजिरीवर एक-दोन भजनं, बस. पाहुणे जमलेत तर तेवढ्यात किस्से माहीत असलेल्यांचे नंबर लिहून घ्या, पुढं कामी येतात.

हसण्याचा कार्यक्रम पोळ्याच्या आदल्या रात्री घ्या. खांदशेकणी (बैलांचे खांदे शेकणं) झालेली असते, लोक दुसऱ्या दिवशीच्या तयारीत जागेच असतात. सव्वा तास पुरे. आठ-दहा बोलणारे, प्रत्येकाला तीन मिनिटं, एकच किस्सा. कोण कोणता सांगणार ते आधी विचारून लिहून घ्या, नाहीतर पाटलाच्या बैलाचाच किस्सा चौघं सांगतात अन् चौथ्याला कोणी हसत नाही. पुढाऱ्याचं भाषण नको. लाउडस्पीकर रात्री दहाला बंद करायचा असतो, म्हणून आठला सुरू करा.

त्याचा आवाज वाजवणार असाल तर घरच्यांना आधी एकांतात ऐकवा अन् कार्यक्रमात कितव्या नंबरवर लागणार ते सांगून ठेवा. भोंग्यातून अचानक गेलेल्या माणसाचा आवाज आला तर आई कोसळू शकते. त्यांची बसायची जागा कडेला ठेवा, उठून जाता येईल अशी. ऐकायचं नाही म्हणाले तर त्या वर्षी वाजवू नका.

फोन माईकसमोर धरून वाजवू नका, खरखर अन् शिटी येते. फोनमधून मिक्सरला वायर लावा, फोन एअरप्लेनवर. व्हॉइस नोट मुळात पातळ असते अन् भोंग्यावर आणखी कर्कश होते, म्हणून त्या रात्री भोंग्याऐवजी डब्याचे स्पीकर मागवा. मिक्सरवर खालचा घुमारा थोडा कापला की शब्द स्पष्ट होतात. संध्याकाळीच एकदा वाजवून मागच्या रांगेत उभं राहून ऐका.

---

मोर्णाकाठ

अन् दुसऱ्या दिवशी तोरणाखाली त्याच्या झडत्या नवी पोरं म्हणणार असतील तर तेही नीट रेकॉर्ड करा. म्हणणाऱ्याच्या सदऱ्याला कॉलर माईक, हनुवटीच्या खाली वीतभर, त्यावर फोमची टोपी. ती नसली तर वाऱ्याचा फडफडाट शब्द खातो. वायर सदऱ्याच्या आतून घ्या, बाहेर लोंबली की बैलाच्या शिंगात अडकते. दुसरा फोन चार-पाच पावलांवर लोकांत, 'हर हर महादेव' त्यात येऊ द्या. दोन्ही सुरू झाले की एकदा जोरात टाळी वाजवा, नंतर दोन्ही आवाज त्या टाळीवर जुळवता येतात. आवाजाची पातळी हातानं ठेवता येणारं ॲप घ्या अन् मोठ्यात मोठी आरोळी उणे ६ डेसिबलच्या खाली राहील असं बसवा. फोनवर सोडलं तर तो 'हर बोला'ला आवाज दाबतो अन् पुढच्या झडतीची पहिली ओळ गिळतो.

डफड्यावाल्यांना अन् डीजेवाल्याला झडत्यांपुरतं थांबायला आदल्या दिवशीच सांगून ठेवा, ऐन वेळी कोणी ऐकत नाही. त्याची झडती पहिली घ्या, मानाचा बैल तोरणाखाली येऊन उभा राहिला की लगेच. तेव्हा बैलं शांत असतात अन् लोकांचं लक्ष असतं. अन् तोरण तुटायच्या आधी दोन्ही फोन अन् वायरी काढून बाजूला घ्या. पोळा फुटला की बैलं उधळतात, धूळ उडते, अन् माईक लावलेल्या पोराला पळता आलं पाहिजे.